मायक्रोजी असलेल्या फोनला घरात ठिकाण सापडेना : माझा अनुभव

गूगलच्या सेवांऐवजी मायक्रोजी हा त्यांचा खुला पर्याय बसवलेल्या माझ्या फोनवर अंगणात ठिकाण बरोबर दिसे, पण उंबरठ्याच्या आत पाऊल टाकले की नकाशावरचा निळा ठिपका नाहीसा होई. फोन पुन्हा सुरू केला, परवानग्या तपासल्या, नकाशाचे अ‍ॅप बदलले. दोन आठवडे नुसत्या वैतागात गेले.

छताखाली उपग्रहांचा संकेत क्षीण होतो, तेव्हा फोन आसपासच्या वायफाय राउटरांचे मॅक पत्ते (प्रत्येक उपकरणाचा ओळख क्रमांक) आणि मोबाइल टॉवरांचे क्रमांक एखाद्या सेवेला पाठवून अक्षांश-रेखांश मागवतो. फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाची अशी खुली सेवा २०२४ मध्ये बंद झाली होती आणि माझ्या जुन्या मायक्रोजीत तिचाच पत्ता राहिला होता.

प्रथम मायक्रोजी अद्ययावत केले. मग त्याच्या सेटिंगमधील स्थानविषयक विभागात ऑनलाइन सेवा म्हणून बीकनडीबी (लोकांनी पाठवलेल्या नोंदींवर चालणारी तशीच खुली सेवा) निवडली आणि वायफाय व मोबाइल नेटवर्क या दोन्हींसाठी ऑनलाइन विचारणा सुरू केली. ठिपका आला, पण केवळ टॉवरच्या आधाराने, त्यामुळे दीडेक किलोमीटर दूर. आमच्या गल्लीतले राउटर त्या माहितीसाठ्यात नव्हतेच. म्हणून एफ-ड्रॉइड या खुल्या अ‍ॅपच्या भांडारातून निओस्टंबलर हे आसपासचे राउटर व टॉवर नोंदवणारे अ‍ॅप घेतले, जीपीएस व वायफाय चालू ठेवून स्कॅन सुरू केले, गल्लीतून सावकाश दोन फेऱ्या मारल्या आणि जमलेल्या नोंदी बीकनडीबीकडे पाठवल्या. (ज्या राउटरच्या नावाशेवटी अंडरस्कोर आणि ‘नोमॅप’ असते तो वगळला जातो, आणि मालकाची इच्छा अशी पाळली जाणे मला फार मोलाचे वाटते.) काही दिवसांनी स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभे राहून पाहिले, तर ठिपका आमच्याच छपरावर स्थिरावला होता.