डोळ्यांतून पाणी येतंय? तरीही ते कोरडे असू शकतात

संध्याकाळी ऐरोलीहून ठाण्याची लोकल धरली आणि दाराशी वारा लागला की माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायचं. एकदा शेजारच्या मावशींनी खांद्यावर हात ठेवून विचारलं, "काय झालं गं, का रडतेस?" डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे कोरडे पडलेत, तेव्हा माझा विश्वासच बसला नाही. डोळ्यांतून एवढं पाणी वाहतंय, शिवाय राहायला खाडीकाठच्या दमट हवेत!

पण ऑफिसात आपण नऊ-दहा तास एसीच्या कोरड्या हवेत बसतो, बाहेरचा दमटपणा तिथे पोचतच नाही. आणि डोळ्यांवर नुसतं पाणी असून भागत नाही. आमटीवर तेलाचा तवंग असला की ती लवकर निवत नाही. डोळ्यांवरच्या अश्रूंनाही असाच तेलाचा अगदी पातळ तवंग लागतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक मेबोमियन ग्रंथींतून येतं. त्या तुंबल्या की खालचं पाणी उडून जातं आणि डोळा चुरचुरतो. मग अश्रुग्रंथी घाईघाईने भरपूर पाणी सोडते, पण त्यात पुरेसं तेल नसल्याने ते टिकत नाही, गालावर ओघळतं.

आधी कारण शोधा

बहुतेकांच्या बाबतीत तेल कमी पडणं, हाच मुख्य भाग असतो. सकाळी उठल्यावर पापण्या चिकटतात, कडा लाल दिसतात, दुपारनंतर वाळू गेल्यासारखं खुपतं, वाचताना अक्षरं मधेच धूसर होऊन पापणी मिटल्यावर पुन्हा स्पष्ट होतात, ही त्याची लक्षणं.

काहींना मुळात पाणीच कमी येतं. वय, रजोनिवृत्ती, मधुमेह, चष्म्याचा नंबर घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया ही त्यामागची कारणं असू शकतात. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या, नैराश्याच्या काही गोळ्या आणि मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन यांनीही डोळे सुकतात. गोळ्या मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. डोळ्यांबरोबर तोंडही सतत कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर ते आवर्जून सांगा, कारण शोग्रेन नावाच्या आजारात असं होतं.

बसायची जागा बदला

एसीचा किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर नको. स्क्रीन डोळ्यांच्या रेषेपेक्षा थोडा खाली ठेवा, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापण्या मिटतो, स्क्रीनसमोर हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. तेही बऱ्याचदा अर्धवट, त्यामुळे तेल ग्रंथींतून नीट बाहेरच येत नाही. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद लांब पाहा आणि त्याच वेळी चार-पाच वेळा पापण्या पूर्ण मिटा. घोडबंदर रोडवरून दुचाकीने जात असाल तर हेल्मेटची काच खाली असू द्या.

शेक द्या

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त गुण याने येतो, आणि लोक नेमका याचाच कंटाळा करतात. स्वच्छ सुती रुमाल गरम पाण्यात बुडवून पिळा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहा, सुखद ऊब वाटली पाहिजे, चटका नको. डोळे मिटून रुमाल पापण्यांवर ठेवा. तो मिनिट-दोन मिनिटांत गार होतो, पुन्हा बुडवा. एकूण ५ ते १० मिनिटं. घट्ट झालेलं तेल पातळ व्हायला तेवढा वेळ लागतोच. मग लगेच, डोळा मिटलेला ठेवून, स्वच्छ बोटाने वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर हलकेच चोळा. डोळ्यावर दाब देऊ नका. शेवटी ओल्या कापसाने कडा पुसा. काजळ पापणीच्या आतल्या कडेला लावू नका, ग्रंथींची तोंडं तिथेच असतात. दिवसातून एक-दोनदा, निदान महिनाभर नेटाने करा.

ड्रॉप्स निवडून घ्या

कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स, उदाहरणार्थ कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजचे, बहुतेकांना चालतात. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या, कारण बेन्झाल्कोनियम क्लोराइडसारखं प्रिझर्व्हेटिव्ह वारंवार गेलं की डोळ्याला आणखी त्रास देतं. खालची पापणी ओढून एकच थेंब टाका. दुसरं औषध असेल तर ५ मिनिटं थांबा.

मी सुरुवातीला मेडिकलमध्ये "डोळे लाल होतायत" एवढंच सांगितलं आणि हातात पडलेली बाटली वापरत राहिले. दोन दिवसांत लाली गेली. पुढे डॉक्टरांनी बाटली उलटून पाहिली तर त्यात स्टेरॉइड होतं. असे थेंब देखरेखीशिवाय चालू राहिले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही. कळकळीने सांगते, लेबल वाचल्याशिवाय काही टाकू नका. गुलाबपाणी आणि मधही नको.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलवर मी पैसे घालवणार नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत त्या ऑलिव्ह तेलाच्या कॅप्सूलपेक्षा सरस ठरल्या नाहीत.

डॉक्टरांकडे कधी जायचं

महिनाभरात फरक पडला नाही तर जा. खालच्या पापणीत कागदाची पट्टी ठेवून ५ मिनिटांत ती किती भिजते, हे पाहतात. पिवळसर रंग टाकून अश्रूंचा थर किती सेकंद टिकतो, तेही बघतात. १० सेकंदांच्या आत फुटला तर तो कमकुवत समजतात. गरज पडल्यास डोळ्यातला दाह कमी करणारे सायक्लोस्पोरिनचे थेंब देतात. त्यांचा पूर्ण परिणाम दिसायला काही महिने लागतात, तेव्हा पंधरवड्यात निराश होऊन सोडू नका. काहींच्या अश्रू वाहून नेणाऱ्या छिद्रात बारीक बूचही बसवतात.

डोळा खूप दुखत असेल, उजेड सहन होत नसेल, दिसणं अचानक कमी झालं असेल, पू येत असेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल तर शेक आणि थेंब करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी डोळा नुसता लाल होऊन दुखायला लागला, तरी लेन्स काढून लगेच दाखवावं.