गाडी येण्याआधी : नगरपंचायतीचं अग्निशमन केंद्र कसं उभं करायचं

नगरपंचायतीत अग्निशमनाचा विषय निघाला की पहिली मागणी गाडीची होते. आमच्याकडंही तसंच झालं. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव ग्रामपंचायतीतून नगरपंचायत झालं, मी पहिल्यांदा निवडून आले, आणि पाच वर्षं या एकाच विषयामागं लागले. कारण घरचंच होतं. माझ्या दिराच्या शेतात सोयाबीनची गंजी पेटली तेव्हा सर्वांत जवळची गाडी 28 किलोमीटरवर होती. ती पोचली तोवर राखेवर पाणी मारायचं काम तेवढं उरलं होतं. त्या गाडीवरच्या पोरांची काही चूक नव्हती. रस्ताच तेवढा लांब.

सभेत विषय मांडाल तेव्हा कुणीतरी उठून "हे शासनाचं काम आहे" म्हणेल. त्याला उत्तर तयार ठेवा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, 1965 च्या कलम 49 मध्ये आग विझवणं आणि आगीत जीवित-मालमत्तेचं रक्षण करणं हे स्थानिक संस्थेचं आवश्यक कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे, म्हणजे बाग किंवा वाचनालयासारखं जमलं तर करायचं काम नाही. 74 व्या घटनादुरुस्तीनं जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतही अग्निशमन सेवा आहे. दोन्ही पानांच्या झेरॉक्स काढून प्रत्येक सदस्याच्या हातात द्या. मी 17 प्रती वाटल्या होत्या, तेव्हा कुठं चर्चा सुरू झाली.

ठराव कसा लिहिता यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. "अग्निशमन वाहन मिळणेबाबत" एवढाच विषय घेतला तर वाहन मिळतं आणि आवारात ताडपत्रीखाली उभं राहतं. अशी एक गाडी मी एका गावात पाहिली आहे. टायर मातीत रुतलेले, बॅटरी उतरलेली, पंपाच्या तोंडाशी चिमणीचं घरटं. आमच्या मुख्याधिकाऱ्यांनी तेव्हा फार मोलाची मदत केली. त्यांच्या सांगण्यावरून एकाच ठरावात केंद्राची जागा, मंजूर करून घ्यायची पदं, दरवर्षीचा डिझेल-दुरुस्ती-पगाराचा खर्च आणि पाणी कुठून भरायचं, हे सगळं आलं. गाडीसाठी जिल्हा नियोजन समितीकडून किंवा शासनाच्या योजनेतून पैसा येऊ शकतो. रोजचा खर्च मात्र नगरपंचायतीच्या अंदाजपत्रकात वेगळ्या शीर्षाखाली दिसलाच पाहिजे, नाहीतर मार्च आला की तो पैसा नालीच्या कामाला जातो.

जागा निवडताना आठवडी बाजार कुठं भरतो ते बघा. आम्हाला आधी बाजाराच्या मागची जागा दाखवली होती. बाजाराच्या दिवशी तिथून बैलगाडी निघत नाही, बंब कुठून निघणार? शेवटी राज्यमार्गावरची, जुन्या कोंडवाड्याची जागा घेतली.

आता माणसं. एका बंबावर चालक, एक प्रमुख अग्निशामक आणि चार अग्निशामक धरा, म्हणजे सहा. दिवसाच्या तीन पाळ्यांना 18 झाले, त्यावर सुट्ट्या आणि आजारपणाची बदली माणसं. एवढी पदं लहान नगरपंचायतीला एकदम मिळत नाहीत, आम्हाला 8 माणसं मिळाली. पण मागणी 18 चीच करा आणि कागदावर ठेवा, कारण आकृतीबंधाचा, म्हणजे मंजूर पदांच्या आराखड्याचा, विषय पुन्हा निघतो तेव्हा जुना प्रस्ताव कामी येतो. अग्निशमन अधिकाऱ्याचं पद राज्य संवर्गातलं असतं, ते शासन भरतं. खालची माणसं कंत्राटी घ्यायची वेळ आली तर निविदेच्या अटीत अग्निशामक प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र घाला. सहा महिन्यांचा अभ्यासक्रम झालेली पोरं आपल्या भागात मिळतात. नागपूर तर या शिक्षणाचं गावच आहे. देशाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय 1957 पासून तिथं आहे. चालकाकडं जड वाहनाचा परवाना असून भागत नाही, त्याला पंप चालवता आला पाहिजे. मुलाखतीला बोलावाल तेव्हा गाडीजवळ उभं करून पंप चालू करायला लावा.

पाण्याबद्दल मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण तिथंच आम्ही फसलो होतो. बंबाची टाकी 4500 लिटरची. एका नोझलमधून मिनिटाला 450 लिटर पाणी सोडलं तर दहा मिनिटांत टाकी रिकामी. गोठ्याची आग दहा मिनिटांत विझते का? म्हणून दुसरी टाकी कुठून भरायची हे आग लागायच्या आधी ठरलेलं असलं पाहिजे.

आमची समजूत अशी की गावात एवढ्या विहिरी आहेत, तिथून उपसू. मे महिन्यात, बरोबर दुपारी दोनला, आम्ही सार्वजनिक विहिरीवर गाडी लावून चाचणी घेतली. चालकानं सक्शनचा जाड पाइप विहिरीत सोडला, पाइपाच्या जोडाचं कपलिंग आवळलं, पंपात पाणी भरून घेणारा प्रायमर चालू केला. इंजिन घरघरत होतं, गेजचा काटा उजवीकडून डावीकडं सरकला आणि तिथंच थरथरत राहिला. पाइपात पाणी नाही. त्यानं पुन्हा कपलिंग आवळलं, पुन्हा तेच. मग घाम पुसत म्हणाला, "ताई, पानी खाली गेलं. पंप उचलून नाही राह्यला."

दोराला दगड बांधून मोजलं. पाणी साडेनऊ मीटर खाली होतं. त्या दिवशी मला कळलं की असा पंप पाणी ओढत नाही. तो पाइपातली हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब फार तर दहा मीटरच्या आसपास पाणी चढवू शकतो आणि प्रत्यक्षात सात मीटरच्या पलीकडं भरवसा नाही. गाडी नवी असो की जुनी, हा हिशेब बदलत नाही.

म्हणून विहिरी दिवाळीत मोजू नका, मे महिन्यात मोजा. आम्ही गावातल्या आणि दीड किलोमीटरच्या परिघातल्या सगळ्या विहिरी दोराने मोजल्या. सहा मीटरच्या आत पाणी असलेल्या फक्त तीन निघाल्या. त्यांच्या काठावर पांढऱ्या रंगात मोठा गोल रंगवला आणि गाडी टेकेल एवढा मुरूम टाकून घेतला. खरं काम झालं ते मात्र पाण्याच्या टाकीखाली. गावाच्या जलकुंभाच्या नळाला बंबाच्या होजचं कपलिंग बसेल असं तोंड बसवून घेतलं. खर्च किरकोळ आला, आणि वीज गेली असली तरी उंचावरच्या टाकीतून बंब भरतो. पाणीपुरवठ्याच्या माणसाला सांगून ठेवा की उन्हाळ्यात जलकुंभ पूर्ण रिकामा करायचा नाही, तळाचं पाणी बंबासाठी राखायचं.

आपल्या भागात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांचा, विचार वेगळा करावा लागतो. कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा यंत्रात गेला की ठिणगी पडते, आणि कापसाची आग वरून विझलेली दिसली तरी आत धुमसत राहते. गाठ फोडून, पसरून, भिजवून काढावी लागते, त्याला कधी दोन दिवस लागतात. जिनिंगवाल्यांना स्वतःची पाण्याची टाकी आणि पंप ठेवायला लावा. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 यासाठीच आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक संस्थेकडून वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावं लागतं. आम्ही जिनिंग, दवाखाने, मंगल कार्यालयं आणि शिकवणी वर्ग यांची यादी करून त्या दोन महिन्यांत एकेकाकडं जात असू. 9 जानेवारी 2021 ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळं गेली. त्यानंतर कुणी मला "कशाला त्रास देता" म्हणालं नाही. म्हणालं असतं तरी मी गेलेच असते.

कारभार कुणाच्या हातात असतो हे आधीच स्पष्ट करून लिहून घ्या. पैसा आणि धोरण सभेकडं, प्रशासन मुख्याधिकाऱ्यांकडं, पण आगीच्या जागेवर हुकूम फक्त गाडीवरच्या प्रमुखाचा. नगराध्यक्षांनीही तिथं "आधी या बाजूनं मारा" म्हणायचं नाही. आमच्या सभेत हे लेखी मंजूर करून घेतलं, आणि त्याच ठरावात गावाच्या हद्दीबाहेर जायचे नियमही टाकले. शेतातली गंजी, कुटार (जनावरांसाठी साठवलेला भुसा), गोठा यांना शुल्क नाही, कारखान्यांना आहे. आजूबाजूच्या ग्रामपंचायतींना त्याची प्रत दिली, म्हणजे रात्री दोन वाजता फोनवर पैशाची बोलणी होत नाहीत.

फोनचंही तसंच. 101 आपल्या गावातून लावला तर कुठं वाजतो हे स्वतः लावून बघा. केंद्राचा नंबर सरपंच, पोलीस पाटील, तलाठी आणि महावितरणच्या लाइनमनकडं असला पाहिजे, आणि लाइनमनचा नंबर केंद्राच्या भिंतीवर. तार चालू असताना पाणी मारता येत नाही.

दरवर्षी 14 एप्रिलला कवायत करा. 1944 साली त्या दिवशी मुंबईच्या गोदीत स्फोट झाला, कित्येक अग्निशामक गेले, म्हणून देशभर तो दिवस पाळतात. त्या दिवशी डॉ. बाबासाहेबांची जयंती असते, गाव रस्त्यावर असतं. आमची पोरं मिरवणुकीनंतर चौकातच होज पसरून दाखवतात, आणि लहान मुलं पाण्यात नाचतात.

नोंदवही साधी ठेवा: फोन कधी आला, गाडी कधी निघाली, कधी पोचली, पाणी कुठून भरलं. शेतकऱ्याला नुकसानीच्या पंचनाम्यासाठी हीच नोंद दाखवता येते. आमच्या वहीतली पहिली नोंद एका गोठ्याची आहे. फोन रात्री 1.40, निघाले 1.43, पोचले 1.56. दुसरी टाकी जलकुंभाखाली भरली. दोन बैल आणि एक गाय बाहेर काढली, कुटार गेलं.