लॅपटॉपची सिस्टीम मोठ्या एसएसडीवर नेताना अडलं तर

नव्या ड्राइव्हवरून लॅपटॉप निदान पंधरा दिवस नीट चालेपर्यंत जुनी ड्राइव्ह पुसायची नाही. तिच्यावर दुसरं काही भरायचं नाही, ती भावाच्या कॉम्प्युटरला लावायची नाही. ती शाबूत आहे तोवर खाली लिहिलेली कुठलीही एरर आली तरी तुमचं काही गेलेलं नाही. सांगलीतल्या माझ्या दुकानात या कामासाठी येणारे बहुतेक जण करसल्लागार, डीटीपीवाले किंवा शिक्षक असतात, आणि त्यांच्यासाठी लॅपटॉपपेक्षा आतला डेटा महाग असतो. म्हणून जीएसटीचं रिटर्न भरायचे दिवस असतील तर मी सरळ सांगते, वीस तारीख जाऊ द्या, मग या.

एरर आली की आधी ती कुठल्या टप्प्यावर आली ते बघा. क्लोनिंग (जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल नव्या ड्राइव्हवर उतरवणं) सुरूच होत नाही, मध्येच तुटतं, की शंभर टक्के होऊनही विंडोज येत नाही? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत. ते न बघता एकामागून एक क्लोनिंग सॉफ्टवेअर बदलत बसण्यात रात्र जाते.

सुरूच होत नसेल तर पहिला संशय एन्क्रिप्शनचा, म्हणजे ड्राइव्हवरचा डेटा कीशिवाय वाचता येऊ नये म्हणून कुलूपबंद केलेला असण्याचा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिव्हाइस एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं आणि मालकाला पत्ताही नसतो. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा. कमांड टाइप करायच्या इंग्रजीतच; मी फोनवर सांगते तसा उच्चार इथे लिहिलाय. ‘मॅनेज डॅश बीडीई, स्पेस, डॅश स्टेटस’. सी ड्राइव्हपुढे ‘फुली डिक्रिप्टेड’ दिसलं तर पुढे चला. नसेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीखाली डिव्हाइस एन्क्रिप्शन बंद करा आणि एन्क्रिप्शन शून्य टक्क्यावर येईपर्यंत थांबा. त्याआधी ४८ अंकी रिकव्हरी की आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात शोधून कागदावर उतरवून घ्या. खातं कुणाच्या नावाचं आहे हेही आत्ताच तपासा. दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर लॅपटॉप चालू करून दिलेला असतो, आणि निळ्या पडद्यावर की मागितली की मग धावपळ होते.

दुसरं कारण फास्ट स्टार्टअप. क्लोनझिलासारखं पेनड्राइव्हवरून चालणारं साधन वापरत असाल, तर विंडोज पूर्ण बंद झालेलं लागतं. नेहमीच्या ‘शट डाउन’ने ते अर्धवट झोपतं आणि साधन त्या पार्टिशनला (ड्राइव्हच्या त्या भागाला) हात लावायला नकार देतं. शिफ्ट दाबून धरून शट डाउन करा, तेवढंच पुरतं.

आता मध्येच तुटणं. इथे मी सगळ्यात आधी जुन्या ड्राइव्हची तब्येत बघते. ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्राममध्ये ‘करंट पेंडिंग सेक्टर’ किंवा ‘रीॲलोकेटेड सेक्टर’ (खराब जागांचे आकडे) शून्याच्या वर गेलेले असतील, विशेषतः जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर, तर क्लोनिंग बाजूला ठेवा आणि आधी कामाचे फोल्डर दुसरीकडे कॉपी करा. अशा वेळी ‘चेकडिस्क स्लॅश आर’ चालवा असा सल्ला सर्रास मिळतो. डेटा बाहेर काढायच्या आधी तो मानू नका. ती कमांड सगळी डिस्क घासून वाचते, आणि मरायला टेकलेली डिस्क त्यातच जाते. फोल्डर सुरक्षित झाले की लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू वापरा. ते आधी चांगला भाग उचलतं, खराब जागा नोंदवून ठेवतं आणि त्यांच्याकडे नंतर वळतं. मॅप फाइल (कुठवर काम झालं याची नोंद) दिलेली असेल तर वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

जुनी ड्राइव्ह ठणठणीत असेल तर दोष बहुधा वाटेतला असतो, म्हणजे यूएसबी केसिंग (नवी ड्राइव्ह बाहेरून जोडायची डबी), केबल, पोर्ट. हब काढा, लॅपटॉपच्या पोर्टात थेट लावा, केबल आखूड घ्या, चार्जर जोडलेला ठेवा, स्लीप बंद करा. एनव्हीएमई ड्राइव्ह (वेगवान प्रकारची एसएसडी) छोट्या केसिंगमध्ये खूप तापते. मेच्या उन्हाळ्यात मी केसिंग उघडं ठेवून वर टेबलफॅन सोडते. केसिंगचा दिवा लागतो पण ड्राइव्ह दिसतच नाही, असं असेल तर एम.२ सॅटा ड्राइव्ह (तशीच पट्टीसारखी दिसणारी, पण जोडणीची पद्धत वेगळी असलेली) एनव्हीएमईच्या केसिंगमध्ये बसवलीय का ते बघा. दोन्हींचा आकार एकच, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, पण बोलणं वेगळं. खाचेवरून नक्की कळतं असं नाही, ड्राइव्हवरचं लेबल वाचा. आणि लॅपटॉपचा स्लॉट कुठला प्रकार घेतो हे विकत घेण्याआधीच मॉडेल नंबरवरून तपासा.

तिसरा टप्पा माणसाला सगळ्यात जास्त घाबरवतो. ‘ताई, शंभर टक्के झालं, पण विंडोजच येत नाही.’ माझा पहिला प्रश्न असतो, जुनी ड्राइव्ह अजून जोडलेली आहे का? क्लोनमुळे दोन्ही ड्राइव्हची ओळख सारखी होते. विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं, किंवा नवीवरून सुरू झाल्यासारखं दाखवून जुनीवरूनच चालतं. पहिल्यांदा सुरू करताना फक्त नवी ड्राइव्ह आत हवी.

तरीही ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असं येत असेल, तर बहुधा फक्त सी पार्टिशन क्लोन झालंय आणि त्याआधीचं छोटं ईएफआय पार्टिशन (विंडोज सुरू करायच्या फाइल्स यात असतात) राहिलंय. सरळ उपाय म्हणजे पूर्ण डिस्क निवडून पुन्हा क्लोन करणं. ईएफआय आलंय पण बूटची नोंद बिघडलीय, तर विंडोजचा इन्स्टॉलेशन पेनड्राइव्ह लावून सुरू करा आणि पहिल्या पडद्यावर शिफ्ट-एफ१० दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडेल. तिथे ‘डिस्कपार्ट’ टाइप करून त्यात ‘लिस्ट व्हॉल्यूम’ने फॅट३२ असलेलं छोटं पार्टिशन शोधा, ते निवडून त्याला एस हे अक्षर द्या आणि बाहेर या. मग ‘बीसीडीबूट, स्पेस, सी कोलन बॅकस्लॅश विंडोज, स्पेस, स्लॅश एस, स्पेस, एस कोलन, स्पेस, स्लॅश एफ, स्पेस, यूईएफआय’. एक काळजी घ्या: इथून बघताना तुमची सी ड्राइव्ह डी किंवा ई म्हणून दिसू शकते. विंडोज फोल्डर कुठे आहे ते आधी ‘डीआयआर’ने बघा.

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ आलं तर गोष्ट ड्रायव्हरची, म्हणजे विंडोजला ड्राइव्हशी बोलू देणाऱ्या छोट्या प्रोग्रामची. सॅटावरून एनव्हीएमईवर जाताना, किंवा कोणी बायोस (विंडोजच्या आधी चालणारी लॅपटॉपची सेटिंग्ज) रीसेट केल्यामुळे स्टोरेजचा मोड एएचसीआय आणि व्हीएमडी (ड्राइव्ह हाताळायच्या दोन पद्धती) यांत बदलला तर हे होतं. मोड बदलला असेल तर पूर्वीचा परत लावा, तेवढ्यानं जमतं. नसेल तर जुन्या ड्राइव्हवरून सुरू करून विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंग्जच्या खिडकीत सेफ बूटची (मोजक्याच ड्रायव्हरवर सुरू होण्याची) खूण करा, मग क्लोन करा. नवी ड्राइव्ह पहिल्यांदा सेफ मोडमध्ये उठते, विंडोज लागणारा ड्रायव्हर उचलतं, मग खूण काढायची. सेफ मोडमध्ये पिन चालेलच असं नाही, म्हणून खात्याचा पासवर्ड माहीत असू द्या.

विंडोज आलं, सगळं जागच्या जागी आहे, पण सी अजून २३८ जीबीच! २५६ ची ड्राइव्ह काढून १ टीबीची घातली की हे हमखास होतं. १ टीबी विंडोजमध्ये ९३१ दिसते. ती फसवणूक नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. उरलेले सुमारे ६९० जीबी डिस्क मॅनेजमेंटमध्ये काळ्या पट्टीखाली रिकामे पडलेले असतात, आणि सीवर राइट क्लिक केलं तर ‘एक्सटेंड व्हॉल्यूम’ फिकट. कारण सी आणि रिकामी जागा यांच्यामध्ये रिकव्हरी पार्टिशन बसलंय. वाड्यात दोन खोल्यांच्या मधे बिऱ्हाडकरू राहत असेल तर भिंत पाडता येत नाही, तसंच. विंडोजला फक्त लगेच उजवीकडची जागा जोडता येते.

पुष्कळ जण ते पार्टिशन उडवून मोकळे होतात. मला ते पटत नाही, कारण उद्या अपडेटने विंडोज बिघडलं तर दुरुस्तीची साधनं तिथेच असतात. जीपार्टेड या पार्टिशन सरकवणाऱ्या साधनाच्या पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू करा, रिकव्हरी पार्टिशन निवडा, ‘रीसाइझ/मूव्ह’ने ते पार उजव्या टोकाला सरकवा आणि ‘अप्लाय’ करा. चार्जर लावलेला हवाच, आणि मध्ये बंद करायचं नाही. परत विंडोजमध्ये या, आता एक्सटेंड चालेल. शेवटी ती दुरुस्तीची साधनं चालू आहेत का ते बघायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘रीएजंटसी, स्पेस, स्लॅश इन्फो’ टाका, स्पेलिंग आर-ई-ए-जी-ई-एन-टी-सी. स्टेटस ‘डिसेबल्ड’ दिसलं तर तीच कमांड ‘स्लॅश इनेबल’ लावून चालवा आणि पुन्हा इन्फो बघा. ‘इनेबल्ड’ आलं की सुरुवातीला बंद केलेलं एन्क्रिप्शन परत चालू करा. नवी रिकव्हरी की तयार होईल, तीही कागदावर उतरवा आणि जुन्या कीवर काट मारा.