जुन्या लॅपटॉपवर इलेक्ट्रॉन अ‍ॅप बनवायचंय? कोडस्पेस असा लावा

ठाणे-ऐरोलीकडच्या बऱ्याच पोरांकडे अजून चार-आठ जीबी रॅमचाच लॅपटॉप असतो, आणि फायनल इयरचा प्रोजेक्ट इलेक्ट्रॉनमध्ये (वेबच्या कोडमधून डेस्कटॉप अ‍ॅप बनवायचं फ्रेमवर्क) घेतला की एडिटर, क्रोम, वर स्वतःचं अ‍ॅप, सगळं एकदम चालू केल्यावर मशीन हँगच होतं. घरी नव्या लॅपटॉपचा विषय काढायच्या आधी गिटहब कोडस्पेसेस बघा, म्हणजे गिटहबचं क्लाउडवरचं मशीन, ज्यावर ब्राउझरमधूनच कोड लिहिता आणि चालवता येतो. पर्सनल अकाउंटला महिन्याला १२० कोअर-तास आणि १५ जीबी स्टोरेज फुकट आहे, म्हणजे दोन कोअरचं मशीन ६० तास चालतं, आणि अशा प्रोजेक्टला दोन कोअर पुरतात. शिवाय एनपीएम इन्स्टॉलने प्रोजेक्टची पॅकेजेस टाकली की डाउनलोड तिकडे क्लाउडवर होतं, तुमचा मोबाइल डेटा वाचतो.

खरी गोम एकच आहे. ते मशीन लिनक्सचं आणि त्याला स्क्रीनच नाही. वेबसाइट असेल तर पोर्ट उघडला की काम झालं, पण इलेक्ट्रॉनला विंडो काढायला डिस्प्ले लागतो, तो नसला की एक्स सर्व्हर सापडत नाही असा एरर येतो आणि बरेच जण तिथेच सोडून देतात. सोडू नका.

कोडस्पेसच्या एडिटरमधल्या कमांड पॅलेटमधून डेव्ह कंटेनर कॉन्फिगरेशन फाइल्स (मशीनवर काय काय असावं ते ठरवणाऱ्या) अ‍ॅड करा, नोडचा टेम्प्लेट घ्या आणि फीचर्समध्ये लाइट-वेट डेस्कटॉप टिक करा. मग तयार झालेली डेव्हकंटेनर डॉट जेसन फाइल उघडून फॉरवर्ड पोर्ट्समध्ये ६०८० टाका, आणि रन आर्ग्समध्ये शेअर्ड मेमरी १ जीबी करा, हे विसरू नका, कारण हा कंटेनर चालवणारा डॉकर बाय डिफॉल्ट फक्त ६४ एमबी देतो आणि इलेक्ट्रॉनच्या आतलं क्रोमियम तेवढ्यात क्रॅश होऊ शकतं. आता कंटेनर रिबिल्ड करा. पोर्ट्सच्या टॅबमधून ६०८० ब्राउझरमध्ये उघडा, पासवर्ड व्हीएसकोड, की छोटासा डेस्कटॉप समोर. हा पासवर्ड सगळ्यांना माहीत असतो, म्हणून पोर्ट प्रायव्हेटच ठेवा.

अ‍ॅप चालवताना लायब्ररी मिळत नाही म्हणाला तर एररमध्येच तिचं नाव असतं, ती अ‍ॅप्टने (लिनक्सच्या इन्स्टॉल कमांडने) टाका आणि तीच ओळ डेव्हकंटेनर डॉट जेसनच्या पोस्ट क्रिएट कमांडमध्येपण लिहा, म्हणजे ग्रुपमधल्या बाकीच्यांना परत शोधत बसायला नको. सँडबॉक्सचा (अ‍ॅपला बाकी सिस्टिमपासून वेगळं ठेवणाऱ्या संरक्षणाचा) एरर आला तर नो-सँडबॉक्स फ्लॅग लावावा लागतो, पण त्यासाठी पॅकेज डॉट जेसनमध्ये स्टार्ट-क्लाउड अशी वेगळी स्क्रिप्ट करा. तो फ्लॅग रिलीजमध्ये जाता कामा नये, ती युजरच्या सुरक्षेची गोष्ट आहे.

वाशी लोकलमध्ये हॉटस्पॉटवर काम करताना नेट गेलं तर घाबरू नका, कोडस्पेस लगेच बंद पडत नाही, बाय डिफॉल्ट ३० मिनिटं काहीच हालचाल नसेल तर थांबतो. पण त्यामुळेच नुसती टॅब बंद करून उठू नका, तास चालूच राहतात, हाताने स्टॉप करा. आणि रोज कोड गिटहबवर पुश करा, कारण ३० दिवस न उघडलेला कोडस्पेस डिलीट होतो.

विंडोजचं इन्स्टॉलर मात्र गिटहब अ‍ॅक्शन्सच्या (गिटहबच्या ऑटोमॅटिक बिल्ड सेवेच्या) विंडोज रनरवर, म्हणजे विंडोजच्या मशीनवर बनवा आणि व्हायव्हाच्या आधी कॉलेज लॅबच्या खऱ्या पीसीवर एकदा चालवून बघा, फॉन्ट, ट्रे आयकॉन आणि नोटिफिकेशन लिनक्सपेक्षा तिथे वेगळे दिसतात.