मल्टीमीटर बंद असताना सोलेनॉइडचा करंट कसा काढला - माझा अनुभव

घरी गुंडाळलेल्या सोलेनॉइडमधून (म्हणजे तारेच्या लांबट कॉइलमधून) किती करंट जातोय ते बघायचं होतं, पण मल्टीमीटरचा अँपिअरचा फ्यूज उडालेला. हॉल प्रोबवाला गॉसमीटर (चुंबकीय क्षेत्र मोजायचं यंत्र) होता म्हणून उलटीकडून गेलो, आधी चुंबकीय क्षेत्र मोजायचं आणि त्यावरून करंट. कॉइल २५ सेंमी लांब, व्यास ४ सेंमी, वेढे ५००, म्हणजे मीटरला २०००. सूत्र सरळ आहे, बी = म्यू-नॉट × एन × आय, यात बी म्हणजे चुंबकीय क्षेत्र, म्यू-नॉट हा ठरलेला स्थिरांक, आय म्हणजे करंट आणि एन म्हणजे दर मीटरला वेढे, एकूण वेढे नाहीत. आकडे टाकले की १ अँपिअरला साधारण २.५१ मिलिटेस्ला येतं.

प्रोब अगदी मध्यापर्यंत आत गेला पाहिजे हे फार महत्त्वाचं, कारण तोंडाशी क्षेत्र जवळपास निम्मं भरतं आणि मग करंटही निम्माच निघतो. दुसरं म्हणजे पृथ्वीचं क्षेत्र आणि प्रोबची शून्याची चूक दोन्ही रीडिंगमध्ये मिसळतात, त्यावर उपाय सोपा, सप्लायच्या वायरी उलट्या लावून परत मोजायचं. सुलट २.५४ आलं, उलट २.४६, सरासरी २.५० मिलिटेस्ला. भागिले २.५१, म्हणजे ०.९९५ अँपिअर.

कॉइल अनंत लांब नसते, त्यामुळे मध्यावरही क्षेत्र सव्वा टक्का कमी असतं, ते धरलं की १.०१ अँपिअर. मग सिरीजमध्ये १ ओहमचा रेझिस्टर टाकून गॉसमीटरवर परत तेवढंच रीडिंग येईपर्यंत सप्लाय वाढवून करंट तेवढाच आणला, मल्टीमीटरचं व्होल्टेज चालू होतंच, दाखवलं १.०१ व्होल्ट, १ ओहमवर म्हणजे १.०१ अँपिअर. एकदम जुळलं!