फवारणीआधी फोटो: बांधावरचे लहान नाकतोडे ओळखताना

पावसाच्या पहिल्या सरी जमिनीत मुरल्यानंतर बांधावर आणि पडीक जागेत घातलेल्या अंड्यांतून नाकतोड्यांची पिल्ले बाहेर पडू लागतात, आणि पीक रोपावस्थेत असतानाच गवतातून टुणटुण उड्या मारणारे बारीक किडे दिसू लागतात. एवढ्यावरून लगेच फवारणीचा पंप भरणे योग्य नाही. लहान दिसणारा प्रत्येक किडा हे किडीचे पिल्लूच असते असे नाही आणि प्रत्येक पिल्लू पिकावर येतेच असेही नाही. त्यामुळे आधी नीट फोटो घेऊन ओळख पटवावी.

पहिली नजर मिशांवर टाकावी. मिशा शरीरापेक्षा लांब आणि केसासारख्या बारीक असतील, तर तो आखूड मिशांचा खरा नाकतोडा नसून लांब मिशांच्या गटातला आहे. या गटातील कोनोसेफॅलस प्रजातीचे किडे भातशेतीत ढेकण्या आणि खोडकिडा यांची अंडी खातात, म्हणून भातात ते दिसल्यास त्यांना मारू नये. ओलसर, शेवाळलेल्या जमिनीवर साधारण १ सेंटीमीटर लांबीचा, मातकट रंगाचा नाकतोडा आढळला आणि त्याच्या पाठीवरची ढाल मागे निमुळती होत पोटाच्या टोकापर्यंत पोहोचलेली दिसली, तर तो टेट्रिजिडी कुळातला आहे. त्याची वाढ एवढीच असते, तो मुख्यतः शेवाळ आणि कुजका पाला खातो, आणि त्याच्यासाठी फवारणी करणे म्हणजे औषध वाया घालवणे होय.

पिल्लू आणि प्रौढ यांतला फरक पंखांवरून कळतो, आणि बहुतेक चुका इथेच होतात. काही जातींचे प्रौढही आखूड पंखांचे असतात, त्यामुळे केवळ पंख लहान आहेत म्हणून त्याला पिल्लू ठरवू नये. मोठ्या पिल्लांच्या पाठीवर पंखांचे त्रिकोणी अंकुर असतात आणि त्यांत मागच्या पंखाचा अंकुर पुढच्या पंखाच्या अंकुरावर आलेला असतो. शेवटची कात टाकल्यावर हा क्रम उलटतो आणि पुढचा पंख मागच्या पंखाला झाकतो. हे बारकावे दिसण्यासाठी बाजूने, किड्याच्या पातळीवर कॅमेरा आणून घेतलेला फोटो लागतो. उभे राहून वरून टिपलेल्या फोटोत यातले काहीच कळत नाही.

भातावर येणाऱ्या हायरोग्लायफस बॅनियन या जातीच्या हिरवट-पिवळ्या प्रौढाच्या छातीच्या ढालीवर आडव्या काळ्या रेघा असतात, तर ऑक्झिया प्रजातीत डोळ्यामागून तपकिरी पट्टा मागे जातो. दोघांच्याही पुढच्या पायांच्या मधोमध, गळ्याखाली, एक लहानसा काटा असतो. तो टिपण्यासाठी नाकतोडा थोडा वेळ पारदर्शक डबीत ठेवून खालून फोटो घ्यावा आणि काम झाल्यावर त्याला सोडून द्यावे. मागच्या मांडीची आतली बाजू आणि नडगीचा रंगही टिपावा, कारण वरचा हिरवा किंवा तपकिरी रंग एकाच जातीत बदलतो आणि त्यावर विसंबता येत नाही.

फोटोसाठी सकाळची, ऊन चढण्याआधीची वेळ उत्तम, कारण गारव्यात नाकतोडे सुस्त असतात. आपली सावली त्यांच्यावर पडू देऊ नये आणि हळूहळू, बसत-सरकत पुढे जावे. नाकतोडा काडीच्या पलीकडे सरकून लपला, तर पलीकडच्या बाजूला हात हळूच नेल्यास तो बहुधा आपणहून समोर येतो. ही युक्ती पाठलागापेक्षा केव्हाही बरी. मोबाइलला मॅक्रो भिंग लावल्यास किड्याच्या अगदी जवळ जावे लागते, म्हणून आधी दुरून एक फोटो घेऊन ठेवावा. कॅमेरा असल्यास छिद्र एफ ८ ते ११ दरम्यान आणि शटर १/२५० किंवा त्याहून वेगवान ठेवावे. फोकस डोळ्यावर असावा. एका फोटोत शेजारी मोजपट्टी धरावी, कारण लांबी अंदाजाने सांगितली की ती हमखास चुकते.

फोटोबरोबर तारीख, ठिकाण आणि वनस्पती यांची नोंद करावी. किडा त्या वनस्पतीवर नुसता बसला होता की तिची पाने कुरतडत होता, हेही लिहावे. कुरतडलेल्या पानाचा वेगळा फोटो असल्यास अधिक चांगले. मोबाइलमधील ओळख सांगणारी अ‍ॅप्स प्रौढांच्या बाबतीत उपयोगी पडतात, परंतु पिल्लांच्या बाबतीत त्यांनी सुचवलेले नाव कुळापर्यंतच ग्राह्य धरावे. जाती निश्चित करायची असल्यास पिल्लू प्रौढ होईपर्यंत त्याच बांधावर पुन्हा फोटो घ्यावेत.

मात्र पिवळ्या-काळ्या रंगाची पिल्ले दाट थव्याने एकाच दिशेने सरकताना दिसली, तर जाती निश्चित होण्याची वाट पाहू नये. ती वाळवंटी टोळाची असू शकतात. अशा वेळी थव्याचा एक व्हिडिओ आणि जवळून घेतलेले दोन-तीन फोटो त्याच दिवशी कृषी विभागाकडे पाठवावेत. संदेशातून पाठवताना फोटो दाबला जाऊन बारकावे पुसट होतात, म्हणून तो मूळ आकारात, फाइल म्हणून जोडावा.