झुंबरावरून झेप घेण्याची किंमत : चित्तथरारक लढाईसाठी घरचे नियम कसे बेतावेत

फासे टाकून टेबलावर खेळायच्या पात्र-खेळात (रोल-प्लेइंग गेम) सराईच्या मोठ्या दालनात लढाई जुंपली आहे. जिन्यावर उभी असलेली योद्धा म्हणते, "मी झुंबराचा दोर पकडते, सगळ्यांच्या डोक्यांवरून झोका घेते आणि म्होरक्याच्या टेबलावर उतरून वार करते." सगळे खेळाडू पुढे सरकून बसतात. त्यावर डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, सांगतो, "दोर पकडायला ॲथलेटिक्सचा फासा टाक, उतरताना तोल सांभाळायला ॲक्रोबॅटिक्सचा, आणि मग वाराचा." दुसरा फासा कमी पडतो, योद्धा जमिनीवर आपटते आणि तिची पाळी तिथेच संपते. पुढच्या फेरीत ती म्हणते, "मी जवळ जाते आणि वार करते." रात्र संपेपर्यंत तिच्या तोंडी तेवढेच वाक्य राहते.

त्या रात्री डीएम मी होतो. खेळाडूच्या कल्पनाशक्तीत काहीच उणे नव्हते, चूक माझ्या हिशेबात होती. प्रत्येक फाशात यशाची शक्यता ६५ टक्के धरली, तरी तिन्ही फासे लागोपाठ यशस्वी होण्याची शक्यता सुमारे २७ टक्के उरते. सरळ चालत जाऊन केलेला वार मात्र ६५ टक्के वेळा लागतो. खेळाडू हे गणित कागदावर मांडत नाहीत, पण दोन-तीन बैठकांत ते त्यांच्या हाडीमाशी मुरते आणि करामती आपोआप बंद पडतात. म्हणून घरचा नियम, म्हणजे आपल्या टेबलापुरता केलेला जादा नियम, लिहिण्यापूर्वी करामतीची किंमत किती आणि मोबदला किती, हे आकड्यांत मांडून पाहावे. खालची सगळी उदाहरणे 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ सालच्या नियमांवर आधारलेली आहेत, कारण हा खेळ बहुतेकांच्या टेबलावर असतो. हिशेबाची रीत इतर खेळांनाही लागू पडते.

आधी पाया घालून घेऊ. पाचव्या पातळीचा योद्धा घ्या : वाराच्या वीस बाजूंच्या फाशात अधिक ७, एका पाळीत दोन वार, तलवारीचा आठ बाजूंचा फासा अधिक ४, म्हणजे प्रत्येक लागलेल्या वाराचे सरासरी ८.५ डॅमेज (इजा). समोरच्या म्होरक्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागायला गाठावा लागणारा आकडा, १५ आहे, म्हणून फाशावर ८ किंवा जास्त यायला हवेत आणि वार ६५ टक्के वेळा लागतो. क्रिटिकलचा, म्हणजे फाशावर २० आल्यावर वाढणाऱ्या डॅमेजचा, हिशेब बाजूला ठेवला, तर या योद्ध्याचे एका फेरीचे सरासरी डॅमेज सुमारे ११ होते. कोणताही नवा नियम या आकड्याशी ताडून पाहायचा आहे.

सर्वांत लोकप्रिय घरचा नियम असा असतो : "वर्णन छान केले, तर ॲडव्हांटेज मिळेल." ॲडव्हांटेज म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून मोठा आकडा घेणे. हा नियम उदार वाटतो आणि पहिल्या बैठकीत फार छान चालतो. पण ॲडव्हांटेजमुळे ६५ टक्क्यांचे जवळजवळ ८८ टक्के होतात आणि फेरीचे डॅमेज ११ वरून १५ च्या घरात जाते. तृतीयांशाहून अधिक वाढ फुकट मिळत असेल, तर कोणीही ती सोडणार नाही. मग प्रत्येक पाळीला प्रत्येक जण वर्णन करू लागतो, वर्णनाची जागा टोलनाक्यासारखी होते आणि बोलण्यात संकोच वाटणारा खेळाडू मागे पडतो. त्याहून मोठा अन्याय बार्बेरियन या पात्र-प्रकारावर होतो. त्याला दुसऱ्या पातळीला बेधडक वार करून ॲडव्हांटेज घेण्याची मुभा मिळते, पण त्याबद्दल पुढच्या पाळीपर्यंत शत्रूंनाही त्याच्यावर ॲडव्हांटेज मिळते. त्याने रक्त सांडून विकत घेतलेली गोष्ट शेजारचा खेळाडू दोन वाक्यांत मिळवू लागला, तर त्याच्या पात्राची शानच जाते. घरचा नियम करताना तो कोणत्या पात्राच्या ठेवणीतली गोष्ट वाटून टाकतो आहे, हे म्हणूनच आधी तपासावे.

इथे दुसऱ्या खेळाचा दाखला उपयोगी पडतो. २००१ साली आलेल्या 'एक्झाल्टेड'मध्ये चांगल्या वर्णनाला १ ते ३ फासे जास्त मिळतात आणि तिथे ते शोभते, कारण त्या खेळात मूठभर दहा-बाजूंचे फासे एकदम टाकतात आणि एका जादा फाशाने सरासरी अर्ध्या यशाचीच भर पडते. वीस बाजूंच्या एकाच फाशावर चालणाऱ्या खेळात तोच नियम उचलून आणला, तर त्याचे वजन बदलते. नियम परक्या खेळातून जरूर घ्यावा, मात्र त्याचे माप आपल्या फाशांवर पुन्हा काढावे.

आता माझ्या टेबलावर टिकलेला नियम सांगतो. करामतीसाठी पात्राने आपल्या चालीतले निम्मे अंतर, म्हणजे साधारण १५ फूट, खर्च करायचे आणि एकच फासा टाकायचा. हा फासा परिस्थितीला साजेशा कौशल्याचा असतो आणि त्याची डीसी, म्हणजे यशासाठी गाठायचा आकडा, १५ असते. यश आले, तर त्या पाळीतल्या पहिल्या वाराला ॲडव्हांटेज मिळते. अपयश आले, तरी पात्र ठरवल्या जागी पोहोचते आणि त्याचे वार नेहमीप्रमाणे होतात. मात्र उतरताना ते उघडे पडते, म्हणून त्याच्या पुढच्या पाळीपर्यंत त्याच्यावर होणाऱ्या पहिल्या वाराला ॲडव्हांटेज मिळते. एका लढाईत एक वस्तू एकदाच वापरता येते : झुंबर एकदा खाली आले की आले.

याचा हिशेब असा. आपल्या योद्ध्याची ॲथलेटिक्स अधिक ७ आहे, म्हणून करामत ६५ टक्के वेळा साधते. साधली आणि न साधली या दोन्ही शक्यता एकत्र केल्या, तर पहिला वार लागण्याचे प्रमाण ६५ वरून जवळजवळ ८० टक्क्यांवर जाते आणि फेरीच्या डॅमेजमध्ये सुमारे १.३ ची भर पडते. आता उरलेल्या ३५ टक्क्यांत काय होते ते पाहू. म्होरक्याच्या वाराला अधिक ६ आहेत, त्याचे सरासरी डॅमेज १३ आहे आणि योद्ध्याचा आर्मर क्लास १८ आहे. त्याचा वार एरवी ४५ टक्के वेळा लागतो, ॲडव्हांटेजने जवळजवळ ७० टक्के वेळा. ही वाढ ३५ टक्के वेळाच होत असल्याने योद्ध्याचा तोटा सरासरी १.१ इतका पडतो. नफा-तोट्याचे पारडे जवळपास समतोल राहते, नफ्याकडे किंचित झुकलेले, आणि ते तसेच असावे असे माझे ठाम मत आहे. धाडसाला थोडे झुकते माप मिळायलाच हवे.

समोर ओगर हा राक्षस असेल, तर हेच पारडे उलटते. त्याचा आर्मर क्लास अवघा ११ असतो, वार एरवीच ८५ टक्के वेळा लागतो, म्हणून ॲडव्हांटेजची भर किरकोळ ठरते. ॲडव्हांटेजचा सर्वाधिक फायदा मूळ शक्यता ५० टक्के असताना होतो, तेव्हा ती ७५ टक्क्यांवर जाते. सोप्या शत्रूवर करामत परवडत नाही आणि चिलखतधारी शत्रूवर परवडते, हे मला दोष वाटत नाही, कारण त्यामुळे प्रत्येक वेळी निर्णय नव्याने घ्यावा लागतो.

करामतीमुळे शत्रूच्या पल्ल्यातून बाहेर पडताना होणारा ऑपॉर्च्युनिटी अटॅक मी माफ करत नाही. तो माफ केला, तर रोग (Rogue) या चोरट्या पात्र-प्रकाराच्या चपळाईला काही मोल उरणार नाही.

घातक चुकांच्या तक्त्यांबद्दल थोडे सविस्तर बोलायला हवे, कारण नॅचरल १, म्हणजे फाशावरच १, आला की तलवार हातातून निसटते किंवा मित्रालाच लागते, असा नियम पुष्कळ टेबलांवर हौसेने लावला जातो. १ येण्याची शक्यता प्रत्येक फाशाला ५ टक्के असते. पहिल्या पातळीचा योद्धा फेरीत एकच वार करतो, म्हणून पाच फेऱ्यांत त्याच्या हातून एकदा तरी अशी चूक होण्याची शक्यता सुमारे २३ टक्के राहते. विसाव्या पातळीचा योद्धा फेरीत चार वार करतो, पाच फेऱ्यांत वीस फासे टाकतो आणि त्याची शक्यता सुमारे ६४ टक्के होते. म्हणजे आयुष्यभर तलवार चालवून निष्णात झालेला माणूस नवशिक्यापेक्षा जास्त वेळा धडपडतो. शत्रूलाच सेव्ह (बचावाचा फासा) करायला लावणारे मंत्र टाकणाऱ्या विझर्डला (जादूगाराला) हा तक्ता स्पर्शही करत नाही. हौस भागवायचीच असेल, तर फक्त पाळीतल्या पहिल्या वाराला तो लावावा आणि परिणाम शस्त्रावर किंवा मित्रावर न ढकलता परिसरावर ढकलावा : मेज मोडते, दिवा कलंडतो, पडदा पेटतो. त्यातून पुढच्या पात्राला नवी करामत सुचते.

एका वारात आडवे होणारे किरकोळ शत्रू ही जुनी आणि उत्तम युक्ती आहे. २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीत अशा मिनियनांना एकच हिट पॉइंट (जीवनगुण) होता, त्यांचे डॅमेज ठरावीक असे आणि सुरुवातीच्या पातळ्यांवर चार मिनियन मिळून एक साधा शत्रू धरत. पाचव्या आवृत्तीत त्यांना आणताना तेवढेच करावे. त्यांच्या डॅमेजसाठी फासे टाकू नयेत, एरवी आठ जणांची पाळी संपेपर्यंत खेळाडूंचा चहा होतो.

लढाई रेंगाळत असेल, तर २०१३ सालच्या 'थर्टीन्थ एज'मधली एक कल्पना घ्यावी. तिथे दुसऱ्या फेरीपासून टेबलाच्या मधोमध सहा बाजूंचा फासा १ वर ठेवतात, दर फेरीला तो एकाने चढवतात आणि तेवढे गुण खेळाडूंच्या वाराला मिळतात. पाचव्या आवृत्तीत पुरे ६ फार होतात, म्हणून मी ३ वर थांबतो.

नियम ठरला की तो टेबलावर नेण्याआधी घरी एकट्याने चालवून पाहावा. तीच पात्रे, तेच शत्रू, तीच जागा घेऊन एकदा नियमाशिवाय आणि एकदा नियमासह लढाई खेळावी, फेऱ्या आणि उरलेले हिट पॉइंट वहीत मांडावेत. एका लढाईत फाशांचे दान कसेही पडू शकते, म्हणून हे निदान तीन-चारदा करावे. नियम शत्रूंनाही तसाच लागू करावा, कारण म्होरक्याने जिन्याच्या कठड्यावरून उडी घेतली की किंमत योग्य आहे की नाही, हे खेळाडू स्वतःहून सांगतात.

शेवटी नियम पोस्टकार्डाएवढ्या कागदावर मावेल असा लिहून डीएमच्या पडद्याला खेळाडूंच्या बाजूने चिकटवावा. आमच्या कागदावर खाली तारीख आहे आणि एक ओळ आहे : "हा नियम तीन बैठकांपुरता आहे. तिसऱ्या बैठकीनंतर सगळ्यांचे हात वर झाले, तरच तो राहील." त्या योद्धा खेळाडूने दुसऱ्याच बैठकीत गोदीवरच्या क्रेनचा आकडा पकडला, फाशावर ४ आले, ती जहाजाच्या डेकवर गुडघ्यावर आपटली आणि तरीही तिचे दोन्ही वार लागले. पुढच्या पाळीला तिने विचारले, "शिडाचा दोर किती लांब आहे?"